माइकचा वाटा

विधानसभेत आता मतांच्या प्रमाणात जागा मिळायच्या आणि बोलायला वेळही. माइक उघडायचं-मिटायचं काम यंत्राचं.

मिठागर कामगारांना पहिल्यांदाच आमदार मिळाल्या होत्या, गुणाबाई म्हात्रे. त्या उठल्या. "आमच्या खाडीत विष कोणी सोडलं?" एवढं विचारेपर्यंत त्यांचा वाटा संपला. माइक बंद. सत्ताधारी बाकांवर हशा पिकला.

मग मंत्र्यांचा माइक उघडला. त्यांचा वाटा संध्याकाळपर्यंत पुरणारा, आणि तो संपल्याशिवाय यंत्र माइक मिटत नसे. मंत्र्यांनी घसा खाकरला, पाणी प्यायले. सभागृहभर फक्त तो घोट ऐकू आला.

गुणाबाई अजून उभ्याच होत्या. खाडीपलीकडच्या होडीला हाक मारावी तशा त्या ओरडल्या, "बोला ना साहेब! वेळ सगळा तुमच्याकडंच आहे."