टेबलावर उघडं राहणारं पुस्तक

पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार कशी भरायची, यावर मी लिहिलेलं पुस्तक मागायला प्रकाशक वर्कशॉपमध्ये आले. “ताई, मजकूर सोन्यासारखा आहे. एकरकमी पैसे घ्या, हक्क आम्हाला द्या. फक्त ही स्पायरलची बांधणी नको. असलं पुस्तक कपाटात उभं राहत नाही.” करार त्यांनी टेबलावर पसरला, शेजारी नमुन्याला पक्क्या बांधणीचं पुस्तक ठेवलं. मी टेबलावरच्या मोटारीतून निघालेल्या तारेची टोकं त्यांच्या दोन्ही हातांत दिली. “सोडू नका हं. आता तुमच्या पुस्तकाचं पान उघडं ठेवून दाखवा.” त्यांनी कोपराने दाबलं. कोपर सरकताच पुस्तक मिटलं. मी माझं उघडलं. ते पसरून पडलं, निवांत. “दुकानदार घेणार नाहीत,” ते पुटपुटले. “माझं गिऱ्हाईक तारेच्या दुकानात जातं,” मी म्हणाले. “तिथे गल्ल्याशेजारच्या प्रती दोनदा संपल्या.” “आणि हक्क?” त्यांनी विचारलं. “तार ठेवा, करार उचला. मला टेबल लागतंय.”