सवतीची लादी

त्या घरातली फरशी पावलं ओळखून तापायची, त्यामुळे महाबळेश्वरच्या थंडीतही अनवाणी फिरता यायचं. कुमुदिनीच्या पावलांखाली मात्र ती लग्नापासून गारच. उलट खिडकीजवळची एक लादी रोज सकाळी आपोआप तापायची. तिथे नवऱ्याची वारलेली पहिली बायको भाजी निवडत बसायची.

"मी मोजे घालून स्वयंपाक करते आणि तिची लादी तापते. बिघडलेला माल आहे, पैसे परत करा," कुमुदिनीने फरशी बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला सुनावलं.

त्याने फरशी तपासली. "बिघाड असता तर परतावा मिळाला असता, वहिनी. गेलेल्या माणसाची पावलं फरशी वर्षभरात विसरते. इथे कुणीतरी दर वर्षी तिला विसरू नको म्हणून सांगतंय. तुमची पावलं मात्र कुणी नोंदवलीच नाहीत."

नवरा चहा घेऊन आला. त्या लादीवर पाय पडू नये म्हणून तो वळसा घालून चालला.