मागचा डावा स्पीकर

घड्याळजींच्या रेकॉर्ड चार स्पीकरांवर वाजायच्या. दोन पुढे, दोन मागे आणि मधोमध त्यांची एकुलती एक खुर्ची. स्पीकरांच्या जागा त्यांनी फरशीवर खडूनं आखल्या होत्या आणि ती रेघ ओलांडायची मुंगीचीही बिशाद नव्हती. पण मागचा डावा स्पीकर मेला रोज वळलेलाच दिसायचा. मग घड्याळजी असे ओरडत, की गल्लीतली झोपलेली मांजरं उठून बसत. "अगं, झाडू मारतेस की नांगर हाकतेस?"

"लागला असेल हो धक्का," बायको म्हणायची. तीस वर्षं हा खटला चालला.

दोन वर्षांपूर्वी तिचे कान गेले आणि त्याच सुमारास स्पीकरही जागेवर राहू लागला. "झाडूला एकदाचं वळण लागलं," म्हणत घड्याळजी मिशीत हसले होते.

काल दुपारी रेकॉर्ड लावून ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर ओट्यापाशी व्हायोलिन ऐकूच येईना. ते फक्त मागच्या डाव्या स्पीकरमधून वाजत होतं आणि त्या स्पीकरचं तोंड होतं खुर्चीकडे. त्यांनी बाहेर जाऊन तो स्वयंपाकघराकडे वळवला, पूर्वी रोज वळलेला दिसायचा अगदी तेवढाच. परत ओट्यापाशी आले. व्हायोलिन थेट शेगडीपर्यंत पोचत होतं.

स्पीकर तसाच ठेवून घड्याळजी खुर्चीत मान खाली घालून बसले. वाळलेले कपडे घेऊन बायको आत आली. स्पीकर पाहून दचकली, कपडे टाकून लगबगीनं तो खडूच्या रेघेवर सरळ करू लागली.

"ओरडू नका हं," ती म्हणाली. "आज खरंच मी नाही वळवला."