न मिळालेली सही

हॅलिफॅक्समधलं राहतं घर विकून मॉरीननं हे घेतलं, तेव्हा तिनं सगळ्यांत स्वस्त वकील निवडला. त्याचं तोंडही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

आज किल्ली मिळाली. रिकाम्या खोलीत ती उभी असताना मोबाइलवर त्याचा फोन आला.

"बाई, एक राहिलंच. घरात राहणाऱ्या प्रत्येकाची, घर सोडतो म्हणून, सही लागते. एकीची मिळाली नाही."

"आत्ता सांगताय? झोपा काढत होतात काय? मालक तर म्हणाला, घर रिकामं आहे! मी आता जाऊ कुठं?"

"आता तो म्हणतो, ती त्याच्याही आधीपासून आहे. मी तिच्याशी बोललो. सोडणार नाही म्हणाली."

"बोललात? कधी?"

"दहा मिनिटांपूर्वी. तुमच्याच या नंबरवर फोन केला, तर तिनं उचलला."

सकाळपासून हा फोन येईपर्यंत मोबाइल मॉरीनच्या कोटाच्या आतल्या खिशात होता, आणि कोट अंगात.