लशींची वही

तपासणीला आलेल्या मॅडम आरोग्य केंद्रातली लशींची वही चाळता चाळता थांबल्या. "चौदा तारखेला वीज गेली, फ्रीज तापला, साठ लशी टाकून दिल्या. हे कोणी लिहिलं?"

"मी," कुंदा सिस्टर म्हणाल्या. गुण कापले जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्या केंद्रांत पहिला नंबर यावा म्हणून शेजारी उभे असलेले डॉक्टर वर्षभर राबले होते. तरीही खोटं तापमान लिहायला सिस्टरांचा हात धजावला नव्हता.

"या महिन्यात अकरा केंद्रं पाहिली," मॅडम म्हणाल्या. "वीज सगळीकडेच जाते. लशी टाकल्याची नोंद मात्र फक्त इथे सापडली. माझ्या नातवाला उद्या लस द्यायचीय. इथेच आणते."

"आमच्या सिस्टरच टोचतील," डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

सिस्टरांनी ताठ मानेनं उद्याचं पान उघडलं आणि बाळाचं नाव विचारलं.