देवाचं माप

त्या शहरात गल्लोगल्ली देव नांदत होते. विणकरांच्या गल्लीतला देव पडद्याआड राहायचा आणि दरवर्षी त्याला नवा झगा लागायचा. माप शिंपीण घ्यायची, पडद्यात हात घालून, चाचपून. त्याच्या खांद्याला फीत पोचवायला तिला स्टुलावर चढावं लागे.

या वेळी तिचं कामात लक्ष नव्हतं. घरी एकुलती एक लेक तापाने फणफणली होती आणि वैद्याने हात टेकले होते. फीत उलगडण्याआधीच तिने पडद्याला कपाळ लावलं.

"देवा, काहीही कर, पण माझ्या पोरीला उठवून बसव."

आतून नेहमीचा जड आवाज आला, "बरं."

तिने डोळे पुसले आणि स्टुलावर चढून आत हात घातला. खांदा लागला नाही. ती खाली उतरली, तरी लागला नाही. शेवटी गुडघ्यांवर बसली, तेव्हा कुठे तो हाताला लागला. इवलासा, हाडं वर आलेला, तव्यासारखा तापलेला.

एवढ्यात तिची धाकटी बहीण धापा टाकत आली.

"ताई, ताप उतरला. पोर उठून बसलीय. पण मला ओळखत नाही गं. झगा कधी होणार, एवढंच विचारतेय."

शिंपिणीने हात मागे ओढला. पडद्याआडून बारीक बोटांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"आई," आतून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, "मला घरी ने ना."