रिलेतली चिंधी

बायकोला जाऊन तीन महिने झाल्यावर रघुनंदनला बंद पडलेल्या जपानी मोटरसायकलचा खरा बिघाड कळला. दोन वर्षं दर रविवारी तो पेट्रोलचा पंप खोलून पुसायचा आणि ती शेजारी बसून हातात पाने द्यायची. आज त्यानं पंपाला वीज पुरवणारा रिले वगळून त्याच्या दोन टोकांना थेट वायर जोडली, तसा पंप टकटकायला लागला. म्हणजे पंप ठणठणीत, बिघाड रिलेत. त्यानं रिलेचं झाकण उचकटलं. आत वीज जोडणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये तिच्या हिरव्या ब्लाउजची चिंधी खोचलेली होती. तो चिंधी घेऊन मेव्हण्याच्या चामराजपेटच्या गॅरेजात गेला. “भावोजी, या गाडीवरच्या तुमच्या अपघातानंतर अक्कानं विचारलं, ही बंद कशी पाडायची; मी जागा दाखवली.” “आणि मला पंपच गेलाय म्हणालास!” “शपथ घातली होती तिनं. स्वल्प शांत व्हा.” “शांत होऊ? समोर बसून पाने देत होती रे ती!” मेव्हण्याशी तो भांडला. तिच्याशी भांडायचं राहिलं.